क्लोंडाइक : सोन्याची नदी, माशांची नदी

सोन्याच्या शोधाचा इतिहास बहुधा शोधणाऱ्यांच्या बाजूनें सांगितला जातो. आज तो एका नदीच्या कांठावरून पाहूं. ही नदी म्हणजे कॅनडाच्या वायव्य भागांतील यूकॉन प्रदेशांतली क्लोंडाइक.

तिची लांबी अवघी १६० किलोमीटरच्या सुमाराची. ओगिल्व्ही पर्वतांत उगम पावून ती डॉसन गांवापाशीं यूकॉन या महानदीस मिळते. हिमयुगांत कॅनडाचा बहुतेक भाग हिमाच्या थरांखालीं खरडून निघाला. हा मुलूख मात्र त्यांतून सुटला. त्यामुळें डोंगरांतील गारेच्या शिरांतून झिजून निघालेलें सोनें येथील ओढ्यांच्या वाळूगोट्यांत तसेंच साचून राहिलें. सोनें वाळूहून फार जड, म्हणून तें तळच्या खडकावर जाऊन बसलें. आणि वरची जमीन बाराहि महिने गोठलेली.

येथील मूळचे रहिवासी हान लोक. नदीच्या मुखाशीं दगडी हातोड्यानें खुंट ठोकून ते सामन मासे अडवीत. त्यावरून नदीस नांव पडलें ‘ट्रोंडेक’, म्हणजे हातोड्याचें पाणी. परक्यांच्या जिभेवर त्याचें क्लोंडाइक झालें.

१८९६ च्या ऑगस्टमध्यें जॉर्ज कार्मॅक, त्याचा टॅगिश जमातीचा मेहुणा स्कूकम जिम व जिमचा भाचा डॉसन चार्ली यांस एका उपनदींत सोनें आढळलें. तें प्रथम कोणाच्या दृष्टीस पडलें याविषयीं वाद आहे. शोधाचा मान मात्र सरकारदप्तरीं कार्मॅकच्या नांवें लागला. त्या ओढ्यास पुढें बोनान्झा म्हणूं लागले. १८९७ च्या जुलैंत सोनें घेतलेल्या आगबोटी सॅन फ्रान्सिस्को व सिॲटल बंदरांत येतांच सुमारें एक लाख माणसें उत्तरेकडे निघालीं. वर्षभराची शिधासामग्री असल्याखेरीज पोलीस सरहद्द ओलांडूं देत नसत. तें टनभर ओझें पाठीवरून, अनेक खेपा करून, चिल्कूट खिंडीपलीकडे न्यावें लागे. तीस-चाळीस हजार लोक कसेबसे पोहोंचले, तों उत्तम ओढे आधींच वांटले गेले होते.

खाणकामाची रीत अशी : हिवाळ्यांत रात्रभर आग पेटवून गोठलेली जमीन मऊ करावयाची, खडक लागेपर्यंत विहिरीसारखा खड्डा खणावयाचा, आणि वसंतांत बर्फ वितळलें कीं, काढलेली माती आडव्या पट्ट्यांच्या लांकडी पन्हळींतून धुवावयाची. आपल्या सराफकट्ट्यावरील झारेकऱ्याचेंच हें काम, पण डोंगरच्या डोंगर उकरून. सरपणासाठीं टेंकड्या उघड्या पडल्या. १८९९ त अलास्कांतील नोमची बातमी येतांच हजारों लोक तिकडे धांवले. मागें उरलेलें काम यंत्रांनीं हातीं घेतलें. गाळ उपसणारीं तीं प्रचंड यंत्रें १९६६ पर्यंत चाललीं.

आणि हान लोक? त्यांच्या मासेमारीच्या जागेवर वस्ती उठली. त्यांचा नायक आयझॅक यानें १८९७ त आपले लोक सुमारें पांच किलोमीटर खालीं मूसहाइड येथें नेले. आपलीं गाणीं नष्ट होऊं नयेत म्हणून त्यानें तीं अलास्कांतील आप्तजनांजवळ ठेव म्हणून सोंपविलीं. ठेव सुरक्षित राहिली. पुढील पिढ्यांनीं तीं परत आणलीं. १९९८ त या लोकांचा कॅनडा सरकारशीं भूमि व स्वशासन यांविषयीं करार झाला, आणि २०२३ मध्यें ‘ट्रोंडेक-क्लोंडाइक’ या जोडनांवानें हा प्रदेश जागतिक वारशांत गणला गेला.

सोन्याची झुंबड तीन वर्षें टिकली. माशांवर या लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या काढल्या. पण ज्यावरून नदीस नांव मिळालें, त्या माशाचीच आतां वाण पडली आहे. कॅनडांत अंडीं घालावयास येणारा मोठा चिनूक सामन यूकॉनच्या खोऱ्यांत इतका घटला, कीं २०२४ त अमेरिका व कॅनडा यांस त्याची मासेमारी सात वर्षें थांबविण्याचा करार करावा लागला. खडकावर बसलेलें सोनें हजारों वर्षें वाट पाहूं शकतें. माशाला दरसाल नदी चढून यावें लागतें. नदीची संपत्ति मोजतांना हा भेद विसरतां कामा नये.