सीडीने घेतलं फ्लॉपीचं सोंग

मागच्या महिन्यात एका वाचनालयाचा जुना सर्व्हर बंद पडला. आत बारा वर्षांच्या पुस्तकांच्या नोंदी, बॅकअप नाही. मी लिनक्सची आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर कॉपी करून लावली. स्क्रीन काळीच! चूक माझी, पण तिची गोष्ट जुनी आहे.

आधी बायोस पीसीला फ्लॉपी किंवा हार्डडिस्कवरूनच सुरू करायचा. सीडीत साडेसहाशे एमबी मावायचे, तरी सुरुवातीला १.४४ एमबीची बूट फ्लॉपी लागायचीच. ती खराब झाली की काम ठप्प. मग १९९५मध्ये फिनिक्स आणि आयबीएमने ‘एल टोरिटो’ हे मानक आणलं. सीडीच्या १७ नंबरच्या सेक्टरमध्ये बूटची नोंद ठेवायची. तिच्यावरून बायोसला फ्लॉपीची हुबेहूब प्रत सापडायची. बायोसला वाटायचं, फ्लॉपीच लावलीय!

म्हणजे आयएसओ हा अख्ख्या डिस्कचा ठसा. नुसता कॉपी केला, तर बायोस जिथे बघतो तिथे काहीच नसतं. तो ‘डीडी’सारख्या टूलने जसाच्या तसा उतरवावा लागतो.

मी शेवटी डीव्हीडी बर्न केली. सर्व्हर उठला, दुसऱ्या डिस्कवरच्या नोंदी सुखरूप निघाल्या. आणि पहिलं काम काय केलं? बॅकअप! तुम्हीही आजच घ्या.