परवडणारे घर आणि लोकलचा प्रवास : मुंबईच्या उपनगरीय निवासाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

वऱ्हाडातील कापूस बाहेर नेण्यासाठी रेल्वे आली, ही यवतमाळ जिल्ह्याच्या आर्थिक इतिहासातील सर्वपरिचित गोष्ट आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मूर्तिजापूर ते यवतमाळ हा सुमारे ११३ किलोमीटरचा अरुंदमापी मार्ग, म्हणजेच 'शकुंतला', याच हेतूने टाकण्यात आला. मुंबईत मात्र रेल्वेने मालाबरोबरच आणखी एक कार्य केले. शहरात ज्यांना घर परवडत नव्हते अशा लाखो कुटुंबांना तिने शहराबाहेर घर मिळवून दिले आणि कर्त्या माणसाला रोज कामावर पोहोचवले.

हे कार्य किती किमतीत झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. मुंबईजवळचे स्वस्त घर खरोखर स्वस्त होते, की त्याची उरलेली किंमत प्रवाशाने आपल्या वेळेतून आणि श्रमातून भरली, या प्रश्नाचा येथे ऐतिहासिक क्रमाने विचार केला आहे.

कामाजवळची खोली :

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली रेल्वे धावली आणि १८५४ मध्ये लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. पश्चिमेकडील मार्गावर १८६७ मध्ये विरारहून मुंबईला ये-जा करणारी गाडी सुरू झाली. असे असूनही एकोणिसाव्या शतकातील कामगार रेल्वेने कामावर जात नव्हता. गिरणीच्या भोंग्याबरोबर हजर व्हावे लागे, म्हणून तो गिरणगावातच राहिला. परळ, लालबाग, भायखळा येथील चाळींतील एका खोलीत अनेक पुरुष दाटीवाटीने राहत, खानावळीत जेवत आणि कुटुंब कोकणात वा घाटावर गावी ठेवत. ही खोली कामाजवळची होती, परंतु कुटुंबाचे घर नव्हती.

१८९६ च्या प्लेगने या दाट वस्तीचे भीषण रूप उघडे केले. त्यानंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने अस्वच्छ वस्त्या पाडल्या व रुंद रस्ते काढले. पण प्रारंभीच्या काळात पाडलेल्या खोल्यांच्या तुलनेत नव्या खोल्या कमीच बांधल्या गेल्या. पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० मध्ये, डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. ५०,००० खोल्यांचे उद्दिष्ट ठेवून सुरू झालेली ही योजना वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथील २०७ चाळी आणि सुमारे १६,००० खोल्यांवर थांबली. १६० चौरस फुटांची खोली आणि मजल्यावर सामाईक शौचालये असे या बी.डी.डी. चाळींचे स्वरूप होते. शासनाने शहरात घरे देण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न उद्दिष्टाच्या एक-तृतीयांशापर्यंतच पोहोचला.

मध्यमवर्गाचा सहकारी मार्ग :

कारकून, शिक्षक व वकील यांचा जो पांढरपेशा वर्ग उदयास येत होता, त्याला चाळीपेक्षा स्वतंत्र घर हवे होते. त्याच्यासाठी दोन वाटा खुल्या झाल्या. पहिली वाट दादर-माटुंग्याच्या आखीव उपनगराची होती. तेथे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने भूखंड पाडले आणि हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. दुसरी वाट सहकाराची होती. श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था सुरू झाली. एकेका कुटुंबाला न झेपणारी जमीन अनेकांनी एकत्र येऊन घ्यावी आणि हप्त्याने फेडावी, हे तत्त्व यातून रुजले. परंतु अशा संस्थांत प्रवेश बहुधा जातीच्या वा समाजाच्या ओळखीवर मिळे. ज्याला तशी ओळख नव्हती, त्याला ही वाट सहज उपलब्ध नव्हती.

भाडेकरूकडून मालकीकडे :

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही विजेवरची पहिली गाडी धावली. पश्चिमेकडे १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत आणि १९३६ मध्ये विरारपर्यंत विद्युतीकरण झाले. अंतराचा अर्थ बदलण्याची पूर्वतयारी अशी झाली होती. ते अंतर प्रत्यक्षात तोडण्याची गरज निर्माण केली ती मात्र फाळणीने आणि घरभाड्याच्या कायद्याने.

फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना कल्याणजवळील लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले. दुसरीकडे, १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. जुन्या भाडेकरूला त्यामुळे मोठे संरक्षण मिळाले. परंतु भाड्याने देण्यासाठी नवी इमारत बांधण्यात मालकाला लाभ उरला नाही, आणि रिकामी होणारी खोली पागडीवाचून मिळेनाशी झाली. शहरात आधी आलेला सुरक्षित झाला. नंतर येणाऱ्याला शहराबाहेर पाहणे भाग पडले. विदर्भात हा कायदा नव्हता. तेथे १९४९ चा सी. पी. अँड बेरार भाडेनियंत्रण आदेश लागू होता. दोन्ही व्यवस्थांची जागा पुढे महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ ने घेतली.

भाड्याची वाट अरुंद झाल्यावर मालकी हक्काच्या सदनिकेचा काळ आला. बिल्डरकडून फसवणूक वाढल्यामुळे १९६३ मध्ये महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा करण्यात आला. नोंदणीकृत करार व खरेदीदारांची संस्था स्थापन करणे या गोष्टी त्याने बंधनकारक केल्या. १९७७ मध्ये एचडीएफसी ही गृहकर्ज देणारी संस्था स्थापन झाली. पगारदार माणसाला निवृत्तीच्या भविष्यनिर्वाह निधीची वाट न पाहता तरुणपणीच घर घेणे त्यामुळे हळूहळू शक्य झाले.

डोंबिवली ते विरार :

ही सदनिका कोठे घ्यायची, याचे उत्तर पगाराने आणि रेल्वेच्या वेळापत्रकाने मिळून दिले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून डोंबिवली सुमारे ४८ किलोमीटर, बदलापूर ६८ किलोमीटर. चर्चगेटपासून विरार ६० किलोमीटर. गिरगाव वा दादरच्या चाळीतील खोली सोडून, किंवा भावांमध्ये तिची वाटणी झाल्यावर, मराठी कुटुंब या दिशेने सरकले. वन रूम किचनचा का होईना, पण दाराच्या आत नळ आणि शौचालय असलेला गाळा त्याला येथे मिळाला. नव्या सुनेला स्वतंत्र स्वयंपाकघर व मुलांना अभ्यासाचा कोपरा मिळाला. दूरच्या घराचा हा लाभ खरा होता. तो नाकारून या स्थलांतराचा इतिहास लिहिता येणार नाही.

हप्ता भागवण्यासाठी अनेक घरांत स्त्रीलाही नोकरी करावी लागली. १९९२ मध्ये पश्चिम रेल्वेने केवळ महिलांसाठी स्वतंत्र लोकल सुरू केली, ती या बदलाची एक खूण होय. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली आणि वसई-विरार या दोन्ही महापालिका क्षेत्रांची लोकसंख्या प्रत्येकी १२ लाखांहून अधिक होती. याच काळात, २००१ ते २०११ मध्ये, मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांपर्यंत घटली.

जेथे घरे झाली तेथे आधीपासून माणसे राहत होती, हेही विसरता येत नाही. वसईच्या हिरव्या पट्ट्यात बागायती व विहिरींवर जगणारा समाज होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बांधकामाला वेग आला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने पाणी व जमिनीच्या रक्षणासाठी आंदोलन उभारले. एकाचे परवडणारे घर हे दुसऱ्याच्या पाण्यावर उभे राहू शकते, हे या आंदोलनाने दाखवून दिले.

नियोजित पर्याय आणि गमावलेली संधी :

शहराने अंतराचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवण्याचाही प्रयत्न केला. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. घराबरोबरच रोजगारही खाडीपलीकडे न्यावा, हा मूळ विचार होता. रोजगार संथ गतीने गेला आणि मानखुर्द-वाशी रेल्वे १९९२ मध्येच पोहोचली. तरीही एक गोष्ट मोलाची घडली. नवी मुंबईतील रेल्वेच्या खर्चाचा सुमारे दोन-तृतीयांश वाटा सिडकोने उचलला. रेल्वेमुळे जमिनीचे जे मूल्य वाढते, ते सार्वजनिक संस्थेच्या हाती असेल तर रेल्वेसाठीच वापरता येते, याचा हा वस्तुपाठ होता.

याउलट घडले ते गिरण्यांच्या जमिनींबाबत. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत या जमिनीचा एक-तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी, एक-तृतीयांश सार्वजनिक गृहनिर्माणासाठी व उर्वरित मालकासाठी अशी तरतूद होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती मर्यादित केली. बांधकाम असलेली जमीन त्यातून सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती कायम ठेवली. शहराच्या मध्यभागी सामान्यांच्या घरांसाठी मिळू शकणारी जमीन अशा रीतीने आक्रसली. पुढे शेलू व वांगणी येथे घरे देण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा गिरणी कामगारांनी त्याला विरोध केला आणि जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर मुंबईतच घरे देण्याची मागणी केली. ज्यांच्या श्रमावर गिरणगाव उभे राहिले, त्यांना कर्जतच्या वाटेवर घर देऊ करणे, ही या इतिहासाची बोलकी परिणती आहे.

प्रवासाची किंमत :

रोज जाण्या-येण्यात तीन तास खर्च करणारी व्यक्ती वर्षातील ३०० दिवसांत ९०० तास प्रवास करते. आठ तासांच्या हिशेबाने हे ११२ कामाचे दिवस होतात. घराच्या करारनाम्यात ही रक्कम कोठेही लिहिलेली नसते. २००५ च्या निशिकांत कामत दिग्दर्शित 'डोंबिवली फास्ट' या चित्रपटाचा नायक असाच मध्यमवर्गीय प्रवासी आहे. मराठी प्रेक्षकाला त्याची घुसमट समजावून सांगावी लागली नाही.

या किमतीचे सर्वांत कठोर रूप प्राणहानीचे आहे. मुंबईच्या उपनगरीय रेल्वेमार्गांवर २०२३ व २०२४ या दोन्ही वर्षांत दोन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत रूळ ओलांडताना व गाडीतून पडून झालेल्या मृत्यूंचे प्रमाण मोठे आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीने भरलेल्या लोकलच्या दारांतून प्रवासी रुळांवर कोसळले व किमान चार जण दगावले. दारात उभे राहणे ही अनेकदा हौस नसते. आत शिरायला जागा नसते.

निष्कर्ष :

१. मुंबईत सामान्य कुटुंबाचे घर शासकीय बांधकामापेक्षा अधिक प्रमाणात रेल्वेने शक्य केले.

२. १९४७ चे भाडेनियंत्रण, १९६३ चा सदनिका कायदा व गृहकर्ज यांनी कुटुंबाला भाडेकरूपासून मालक केले. पण ती मालकी शहरापासून दूर नेली.

३. घराची किंमत अंतरामुळे कमी झाली असे दिसते. प्रत्यक्षात तिचा एक भाग बिल्डरच्या पावतीवरून प्रवाशाच्या दिवसावर गेला.

४. रेल्वेने वाढणारे जमिनीचे मूल्य सार्वजनिक हाती ठेवल्यास हा भार हलका करता येतो, हे नवी मुंबईने मर्यादित अर्थाने सिद्ध केले.

यवतमाळ जिल्ह्यासाठी हा इतिहास दूरचा नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाच्या वर्धा ते कळंब या टप्प्याचे २८ फेब्रुवारी २०२४ रोजी उद्घाटन झाले. जेथे रेल्वेचे स्थानक येते तेथे शेताचे भूखंड होतात, हा दीडशे वर्षांचा अनुभव आहे. ते भूखंड कोणाच्या हाती जातील आणि त्यांवरील घराची खरी किंमत कोण भरेल, हे पहिले स्थानक गजबजण्यापूर्वीच ठरवावे लागते. मुंबईने ते ठरवले नाही. म्हणून ते विरारच्या आणि बदलापूरच्या प्रवाशाला रोज सकाळी फलाटावर स्वतःपुरते ठरवावे लागते.