महाबळेश्वरातील पाश्चात्त्य वळणाची गृहसजावट

सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर या थंड हवेच्या ठिकाणी एकोणिसाव्या शतकात जे बंगले उभे राहिले, त्यांच्या अंतर्भागाची मांडणी, लाकूडकाम, आसने आणि तावदाने यांतून घडलेल्या राहणीच्या पद्धतीला येथे पाश्चात्त्य वळणाची गृहसजावट म्हटले आहे. ही पद्धत इंग्लंडातून जशीच्या तशी उचललेली नव्हती. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,372 मीटर उंचीवरील हवा, चार महिन्यांचा मुसळधार पाऊस आणि वर्षातले थोडेच महिने चालणारा मुक्काम यांनी तिला आकार दिला, आणि तिच्यातले नेमके काय टिकले हेही मुख्यतः याच गोष्टींनी ठरवले.

मुंबई इलाख्याचा गव्हर्नर सर जॉन माल्कम (कारकीर्द 1827–30) याने साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी 1829 मध्ये करार करून, खंडाळा या गावाच्या मोबदल्यात, ही जागा इंग्रजांच्या ताब्यात घेतली आणि तेथे वसलेल्या पेठेला माल्कमपेठ हे नाव मिळाले. आजारी गोऱ्या सैनिकांचे आरोग्यस्थान म्हणून सुरू झालेली ही वस्ती पुढे गव्हर्नर व त्याचे अधिकारी यांचे उन्हाळी मुक्कामाचे ठिकाण बनली. 1864 साली बांधलेला फ्रिअर हॉल आणि 1881 साली स्थापन झालेला क्लब या येथील सार्वजनिक इमारतींत याच राहणीचा विस्तार दिसतो.

या बदलाचे मोठेपण कळण्यासाठी घाटाखालच्या वाई परिसरातील वाडा डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. मेणवली येथील नाना फडणवीसांचा अठराव्या शतकातील वाडा हे त्याचे ठळक उदाहरण होय. वाड्याचे घर चौकाकडे, म्हणजे आतल्या उघड्या अंगणाकडे, तोंड करून असते. बैठक जमिनीलगत असते, तीत गादी, लोड आणि तक्के यांपलीकडे फारसे सामान नसते, आणि वस्तू भिंतीतल्या कोनाड्यांत किंवा फडताळांत जातात. महाबळेश्वरचा बंगला याच्या उलट बाहेर, दरीकडे, पाहतो. त्याच्या भोवती किंवा निदान पुढच्या बाजूला रुंद व्हरांडा असतो, खिडक्यांना काचेची तावदाने असतात, आणि बसणे, जेवणे व झोपणे यांसाठी वेगवेगळ्या खोल्या असून प्रत्येकीचे सामान उंच पायांचे व ठरलेल्या जागेचे असते. घरातील माणसांची बसण्याची उंची बदलली की चित्रे टांगण्याची, दिवे ठेवण्याची आणि खिडकीच्या पट्टीची उंचीही बदलते. त्यामुळे हा बदल सजावटीपुरता न राहता दैनंदिन वागण्यापर्यंत पोहोचला.

बंगल्यांच्या भिंती बहुधा तेथेच खणून काढलेल्या जांभा दगडाच्या असत. हा लोहयुक्त, सच्छिद्र दगड ओला असताना सहज कापता येतो आणि उघड्यावर कठीण होतो, परंतु तो पाणी शोषतो. म्हणून पावसाळ्याच्या तोंडाशी भिंतींना बाहेरून गवताच्या जाड ताट्या बांधल्या जात. अशा ओलाव्यात भिंतीला रंगीत कागद चिकटवण्याची व्हिक्टोरियन रीत रुजणे अवघडच होते, आणि चुन्याची सफेदी, लाकडी तक्तपोशी (फळ्या जोडून केलेले छत) व भिंतीच्या खालच्या भागाला बसवलेल्या फळ्या हेच आतल्या शोभेचे मुख्य साधन ठरले. दिवाणखान्यातील शेकोटीचा कोनाडा, ज्याला सर्रास फायरप्लेस म्हणतात, हाही केवळ डौलाचा भाग नव्हता. ओल मारण्यासाठी आणि थंडीच्या रात्रींसाठी त्याचा खरा उपयोग होता, म्हणूनच त्याच्या धुराड्याच्या बांधणीकडे लक्ष पुरवले जाई.

सामानाविषयीही हेच म्हणता येते. सागवानी व शिसवी लाकडाचे जड फर्निचर मुंबईच्या बाजारात तयार होई, पण हंगामापुरत्या उघडल्या जाणाऱ्या घरात वेताने विणलेल्या खुर्च्या अधिक सोयीच्या होत, कारण त्या हलक्या असून त्यांतून वारा खेळतो. पूर्वेकडील वसाहतींतून आणलेले चिनी व मलायी कैदी येथील तुरुंगात असत, आणि भाजीपाल्याच्या लागवडीप्रमाणे वेतकामाची परंपराही त्यांच्याकडे जोडली जाते. लांब हातांची, पाय पसरता येतील अशी आरामखुर्ची मात्र उष्ण प्रदेशातील सर्व युरोपीय वसाहतींत आढळते आणि तिला महाबळेश्वरची खास वस्तू म्हणता येत नाही.

विसाव्या शतकात मुंबईचे धनिक भारतीय बंगल्यांचे मालक झाले, तेव्हा देवघर आणि स्वतंत्र स्वयंपाकघर यांची भर पडली. 1945 साली महात्मा गांधींचा मुक्काम झाला तो मोरारजी कॅसल हे अशाच मालकीचे घर. याच काळात खालच्या सपाटीवर पाश्चात्त्य आधुनिकतेची दुसरी, अधिक लोकाभिमुख शाखा वाढली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानात वसवलेल्या, आता सांगली जिल्ह्यात असलेल्या किर्लोस्करवाडीत नांगर आणि पंपांबरोबर लोखंडी फर्निचरही होऊ लागले, आणि शं. वा. किर्लोस्कर यांच्या ‘किर्लोस्कर’ व ‘स्त्री’ (1930) या मासिकांनी नीटनेटक्या, हवेशीर, कमी सामानाच्या घराची कल्पना मध्यमवर्गापर्यंत नेली. 1925 च्या सुमारास जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेत मार्सेल ब्रॉयर याने पोलादी नळीची खुर्ची घडवली होती, आणि 1937 मध्ये मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने ‘आदर्श घरा’चे प्रदर्शन भरवले; लोखंडी सामानाची मराठी आवड या व्यापक प्रवाहाचाच भाग आहे. महाबळेश्वरच्या बंगल्यांहून ही आवड सामान्य मराठी घरांच्या कितीतरी जवळची ठरली, हे सजावटीच्या इतिहासात पुरेसे नोंदले गेलेले नाही.

महाबळेश्वर–पाचगणी परिसर 2001 मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाल्यानंतर नव्या बांधकामावर निर्बंध आले असून जुन्या बंगल्यांच्या जतनाचा प्रश्न अधिक महत्त्वाचा झाला आहे. नव्या हॉटेलांत व सुटीच्या घरांत वसाहतकालीन रूप पुन्हा आणताना धुराडे नसलेला शेकोटीचा कोनाडा आणि न उघडणाऱ्या काचा बसवल्या जातात. दुरुस्तीत सिमेंटचा गिलावा जांभ्यावर चढवला, की दगडात मुरलेले पाणी बाहेर पडायला वाव मिळत नाही आणि आतल्या तक्तपोशीला व फळ्यांना बुरशी धरते. चुन्याच्या गिलाव्याने मात्र भिंत कोरडी होऊ शकते.