पाव मैलाची शर्यत

वाचकांस नवल वाटेल, पण ड्रॅग शर्यतीची संस्था मूळ निघाली ती रस्त्यावरील बेफाम वेगास आळा घालण्यासाठीं. १९५१ सालीं कॅलिफोर्नियांत वॉली पार्क्स यांनीं 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' स्थापून तरुणांना पाव मैलाच्या राखीव, सरळ धांवपट्टीवर नेलें. पुढें कारखानेच 'मसल कार' बांधून त्या नादास लागले. २०१७ सालीं डॉज कंपनीनें पुढें आणलेली 'डीमन' ८४० अश्वशक्तीची; वजन घटविण्यासाठीं तिच्यांत चालकाशेजारी आसनच नव्हतें, हवें तर एक डॉलर ज्यादा! पाव मैल अंतर तिनें ९.६५ सेकंदांत तोडलें. दहा सेकंदांच्या आंत धांवणाऱ्या गाडीस तेव्हां आंतून पोलादी पिंजरा आवश्यक असे. तो नसल्यानें संस्थेनें तिला मज्जाव केला, आणि ती बंदी कंपनीनें जाहिरातींत पदकासारखी मिरविली. विपरीत हें कीं, सार्वजनिक रस्त्यावर ती गाडी कायद्यानें मोकळी होती.