सामन्यापूर्वीचा इतिहास

खेळ पाहणाऱ्या माणसासाठी मराठीत अनेक शब्द आहेत. प्रेक्षक पाहतो, रसिक दाद देतो, चाहता आपली आवड जपतो. या साऱ्यांहून निराळा शब्द आहे तो 'पाठीराखा'. दाद देण्यासाठी आधी काहीतरी घडावे लागते. पाठ राखायची तर काही घडण्यापूर्वीच जाऊन उभे राहावे लागते. फुटबॉलचा इतिहास वाचताना हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण तो इतिहास बहुधा निकालापासून मागे मागे लिहिला जातो. कोण जिंकले हे इतिहासकाराला ठाऊक असते; मैदानाच्या वाटेवरील माणसाला ते ठाऊक नसते. त्या अनिश्चित तासांत त्याने काय पणाला लावले, याची नोंद क्वचितच होते. कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोन क्लबांच्या बाबतीत तशी नोंद करून पाहण्याचा हा एक प्रयत्न.

२९ जुलै १९११ रोजी आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव केला. हे वाक्य आज आपण राष्ट्रीय चळवळीच्या संदर्भातच वाचतो. १९०५ची वंगभंगाची जखम ताजी होती आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये दिल्ली दरबारात ती फाळणी रद्द झाली. तेव्हा हा विजय जणू त्या घटनेची नांदीच, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु त्या दुपारी मैदानाकडे निघालेल्या माणसाला डिसेंबरही ठाऊक नव्हता आणि संध्याकाळही. त्याला ठाऊक होते ते इतकेच की, एकाही भारतीय संघाने आजवर ही ढाल जिंकलेली नाही, आणि आपल्या अकरांपैकी दहा खेळाडू बुटांच्या फौजेपुढे अनवाणी उतरणार आहेत.

तरीही तो निघाला होता. त्या दिवसासाठी खास आगगाडी सुटली, जादा आगबोटी सोडल्या गेल्या, तिकिटे मूळ किमतीच्या कितीतरी पटींनी विकली गेली. गर्दीचे अंदाज ऐंशी हजारांपासून लाखापर्यंत जातात. आजच्यासारखे प्रेक्षागार तेव्हा नव्हते. पुष्कळांना चेंडू दिसण्याचीही शक्यता नव्हती. त्यांच्यासाठी पतंग उडवून गोलसंख्या कळवली जात होती. म्हणजे जो सामना आपल्याला दिसणार नाही, त्या सामन्याला हजारो लोक आले होते. प्रेक्षक या शब्दात ही माणसे मावत नाहीत. पहिला गोल मोहन बागानवर झाला, तेव्हा आकाशाकडे डोळे लावून उभ्या असलेल्या त्या गर्दीचे काय झाले असेल? पुढे शिबदास भादुरी आणि अभिलाष घोष यांनी गोल केले, हे ठाऊक असल्यामुळे आपण तो क्षण फार लवकर ओलांडून जातो.

ईस्ट बंगालची कथा रुसव्यातून सुरू होते. १९२०च्या जुलैत मोहन बागानविरुद्धच्या एका सामन्यात जोडाबागान संघाने शैलेश बोस या खेळाडूला वगळले. त्याचा निषेध म्हणून सुरेशचंद्र चौधुरी त्या क्लबातून बाहेर पडले आणि १ ऑगस्ट १९२० रोजी नवा क्लब स्थापन झाला. पूर्वेकडून आलेल्यांना कोलकात्यात 'बांगाल' म्हणत, इथले मूळचे ते 'घोटी'. २८ मे १९२५ रोजी हे दोन क्लब लीगमध्ये प्रथमच भिडले आणि ईस्ट बंगालने १-० असा विजय मिळवला. तोवर हे वैर एका शहरातले होते. १९४७ने त्याचा अर्थ पालटला.

निर्वासितांच्या लोंढ्याबरोबर आलेल्या माणसाचे घर, शेत, नदी सारे सीमेपलीकडे राहिले. ऋत्विक घटकांच्या 'मेघे ढाका तारा'मधून ते जग आपल्यापैकी अनेकांना परिचित आहे. १९५५मध्ये पूर्व बंगाल प्रांताचे नाव पूर्व पाकिस्तान झाले, १९७१मध्ये बांगलादेश जन्माला आला. पूर्व बंगाल हे नाव नकाशावरून गेले. ते कोलकात्यात एका फुटबॉल क्लबाच्या रूपाने उरले. सामन्याच्या दिवशी ते नाव घेऊन घराबाहेर पडणाऱ्यासाठी तो क्लब म्हणजे गावाचा उरलेला पत्ता होता. बाजारातही बाजू ठरलेल्या: बांगालाची हिल्सा, घोटीची कोळंबी. पद्मा नदी कधीही न पाहिलेला नातू आजही हिल्साच्या बाजूने भांडतो, तेव्हा तो आजोबांची आठवण आपल्या अंगावर घेत असतो. परंपरा म्हणजे काय, हे वर्गात शिकवताना मला हे उदाहरण अनेक व्याख्यांपेक्षा उपयोगी वाटते.

मात्र या निष्ठेचे नुसते गुणगान करणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९७५च्या शील्ड अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानला ५-० असे हरवले. त्यानंतर मोहन बागानच्या एका तरुण समर्थकाने, पुढल्या जन्मी चांगला खेळाडू होऊन या पराभवाची परतफेड करीन, अशा आशयाची चिठ्ठी लिहून आत्महत्या केली. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांशी भिडले आणि चेंगराचेंगरीत सोळा जण मरण पावले. तेही सकाळी घरून निघाले होते ते पाठ राखण्यासाठीच. ज्या उत्कटतेने १९११चा माणूस मैदानाकडे निघाला, तिच्यातच हे सोळा मृत्यूही दडलेले होते, असे मान्य करावे लागते.

१३ जुलै १९९७च्या फेडरेशन चषकाच्या उपान्त्य सामन्यापूर्वी मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांनी ईस्ट बंगालच्या खेळाडूंची नावे विडंबून शहर तापवले होते. सॉल्ट लेकच्या मैदानावर १,३१,७८१ माणसे जमली. बायचुंग भूतियाने तीन गोल केले, ईस्ट बंगाल ४-१ने जिंकला. आज ती टिंगल पराभवाची प्रस्तावना म्हणून सांगितली जाते. त्या सकाळपर्यंत मात्र मोहन बागानच्या समर्थकाला तो आत्मविश्वास वाटत होता.

आणि मग एक असा सामना, जो झालाच नाही. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात कर्तव्यावर असलेल्या तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिची हत्या करण्यात आली. शहर रस्त्यावर उतरले. १८ ऑगस्टच्या रविवारी ड्युरँड चषकात हे दोन क्लब भेटायचे होते. प्रेक्षागारातून निषेधाच्या घोषणा उठणार, हे उघड होते. सुरक्षेचे कारण देऊन आदल्या दिवशी सामना रद्द झाला. तरीही दोन्ही क्लबांचे समर्थक सॉल्ट लेकच्या बंद दारांपाशी आले, मोहम्मेडन स्पोर्टिंगचेही आले. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अनेकांना ताब्यात घेतले. लाल-सोनेरी आणि हिरव्या-मरून सदऱ्यांतली माणसे एकमेकांना खांद्यावर घेऊन न्याय मागत होती.

त्या दिवशी शतकाचे वैर मिटले, असे मी म्हणणार नाही. वैर मिटलेले नाही आणि मिटावे अशी त्यांची इच्छाही नसावी. पण निकालाची शक्यताच उरली नसताना ही माणसे आली. १९११चे समर्थक न दिसणाऱ्या सामन्याला आले होते, हे न होणाऱ्या. रोज ज्याच्याविरुद्ध उभे राहायचे, त्याच्या सोबतीने ती एका अनोळखी मुलीची पाठ राखायला उभी राहिली. तिच्यासाठी यायला त्यांना उशीर झाला होता, हेही त्यांना ठाऊक होते.

स्पर्धेच्या नोंदीत त्या सामन्यापुढे दोन्ही संघांना एकेक गुण दिल्याचे आढळेल. गोलांचा रकाना रिकामा आहे. १८ ऑगस्टचा इतिहास लिहायचा तर त्या रिकाम्या रकान्याबाहेर, बंद दाराशी उभ्या असलेल्या माणसांकडे जावे लागेल.