सेनेटमधील चर्चाबंदी आणि विनियोजन विधेयके

लोकप्रतिनिधींच्या सभागृहात वाद किती काळ चालावा आणि तो कोणी थांबवावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ कार्यपद्धतीचा वाटतो. परंतु ज्या विधेयकाने सरकारी कोषातून पैसा काढण्याची अनुज्ञा मिळावयाची, त्याच्यापुरता तो राज्यकारभार चालू राहण्याचाच प्रश्न होऊन बसतो. कायद्याने विनियोजन झाल्यावाचून कोषागारातून रक्कम काढता येणार नाही, असा अमेरिकेच्या राज्यघटनेचा स्पष्ट दंडक आहे. प्रस्तुत लेखात अमेरिकन सेनेटच्या चर्चाबंदीच्या नियमाचा, म्हणजे तेथे ज्यास ‘क्लोचर’ म्हणतात त्याचा, इतिहास विनियोजन विधेयकांच्या अनुरोधाने तपासावयाचा आहे. वाद मिटविण्यासाठी केलेला हा नियम विधेयकास संमती देण्याचा नियम कसा बनला, हे त्यावरून ध्यानी येईल.

सेनेटमधील अनिर्बंध चर्चा ही घटनाकारांची देणगी आहे, अशी समजूत सर्वत्र आढळते. तिला इतिहासाचा आधार नाही. प्रत्येक सभागृहाने आपले नियम आपण करावेत, एवढेच घटना सांगते. १७८९ च्या मूळ नियमांत सेनेटपाशी ‘पूर्वप्रश्ना’चा प्रस्ताव होता. १८०५ साली उपाध्यक्षपदाचा निरोप घेताना ॲरन बर यांनी नियमावली आटोपशीर करण्याची सूचना केली आणि १८०६ मध्ये हा प्रस्ताव गळला. तो क्वचितच वापरात येत असल्यामुळे कोणाला त्याची उणीव भासली नाही. प्रतिनिधिगृहाने मात्र तो राखला आणि १८११ पासून साध्या बहुमताने वाद तोडण्याचे साधन म्हणून त्याचा उपयोग सुरू केला. दोन सभागृहांच्या वाटा येथे वेगळ्या झाल्या. १८४१ मध्ये बँकेच्या विधेयकाला होणारी अडवणूक पाहून हेन्री क्ले यांनी सेनेटमध्येही बहुमताची चर्चाबंदी आणण्याचा धाक घातला. पण विरोध पाहून त्यांना तो विचार सोडावा लागला.

पुढे पाऊणशे वर्षे हीच स्थिती राहिली. १९१७ च्या मार्चमध्ये व्यापारी जहाजांना शस्त्रसज्ज करण्याचे अध्यक्ष विल्सन यांचे विधेयक रॉबर्ट ला फॉलेट, जॉर्ज नॉरिस प्रभृती थोड्या सेनेटरांनी लांबणीवर टाकले. ४ मार्च रोजी मध्यान्ही काँग्रेसची मुदत संपली व विधेयक बुडाले. विल्सन यांच्या जाहीर टीकेनंतर अवघ्या चार दिवसांनी, ८ मार्च रोजी, सेनेटने ७६ विरुद्ध ३ मतांनी चर्चाबंदीचा नियम स्वीकारला. उपस्थित राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश सभासदांनी अनुकूलता दर्शविल्यास वाद संपवावा, असे ठरले. त्याचा पहिला प्रयोग १५ नोव्हेंबर १९१९ रोजी व्हर्सायच्या तहाच्या वादात झाला.

तथापि हे शस्त्र पुष्कळ काळ म्यानातच राहिले. १९२७ नंतर १९६२ पर्यंत चर्चाबंदीचा एकही प्रस्ताव संमत झाला नाही. १९४९ साली तर नियम अधिक कडक होऊन एकूण सभासदसंख्येच्या दोन-तृतीयांश मते आवश्यक ठरली. १९५९ मध्ये पुन्हा उपस्थितांचे प्रमाण आले. १० जून १९६४ रोजी नागरी हक्कांच्या विधेयकावरील वाद ७१ विरुद्ध २९ मतांनी बंद झाला, तेव्हा या नियमाचे सामर्थ्य प्रथमच देशाच्या पूर्ण प्रत्ययास आले.

१९७५ ची सुधारणा आजच्या स्थितीचे मूळ होय. तीनुसार एकूण सभासदसंख्येच्या तीन-पंचमांश, म्हणजे जागा रिक्त नसताना ६० मते पुरेशी ठरली. प्रमाण उतरले, म्हणून नियम सैल झाला असे कोणास वाटेल. पण गणित नीट पाहिले पाहिजे. उपस्थितांवर हिशेब असताना अडवणूक करणाऱ्यांनाही सभागृहात हजर राहावे लागे, कारण त्यांच्या गैरहजेरीने आवश्यक मतांचा आकडा खाली येई. आकडा स्थिर होताच सारा भार चर्चा संपवू पाहणाऱ्यांवर पडला. गैरहजर सभासद हा परिणामी विरोधी मतदारच झाला. त्याच दशकाच्या आरंभी माइक मॅन्सफील्ड आणि रॉबर्ट बर्ड यांनी अडलेले विधेयक बाजूस ठेवून दुसरे कामकाज चालविण्याची पद्धत रूढ केली होती. अडवणुकीसाठी रात्र-रात्र भाषणे करण्याचे कष्ट त्यामुळे उरले नाहीत. अडवणूक स्वस्त झाली, म्हणून ती वाढली.

आता प्रत्यक्ष रीत पाहू. १६ सेनेटरांच्या सह्यांचा अर्ज दाखल होतो. मध्ये एक दिवस सोडून पुढील बैठकीच्या दिवशी सभा भरल्यावर तासाभराने गणपूर्ती पाहून नावनिशीवार मतदान होते. ६० मते पडली तर चर्चेला आणखी जास्तीत जास्त ३० तास मिळतात. एका सभासदास एका तासाहून अधिक बोलता येत नाही, आणि विषयाशी असंबद्ध उपसूचना निषिद्ध ठरतात. विधेयक विचारार्थ घ्यावे की नाही या प्रस्तावावर एकदा आणि खुद्द विधेयकावर पुन्हा एकदा, असा हा उंबरठा दोनदाही ओलांडावा लागतो. विधेयकाच्या अंतिम मतदानास मात्र साधे बहुमतच पुरते.

खर्चाच्या विधेयकांना या नियमाची खरी धार लागली ती १९८० मध्ये. तोपर्यंत विनियोजनास विलंब झाला तरी कचेऱ्या बहुतांशी चालू राहत. त्या वर्षी महान्यायवादी बेंजामिन सिव्हिलेटी यांनी दिलेल्या अभिप्रायानुसार, मंजुरी नसताना खात्यांनी काम चालविणे हे कायद्याचे उल्लंघन ठरले. १९७४ च्या अर्थसंकल्प कायद्याने आर्थिक वर्षाचा आरंभ १ ऑक्टोबरवर नेला होताच. त्या दिवसापर्यंत विनियोजन अथवा तात्पुरती मंजुरी न झाल्यास कचेऱ्यांना कुलूप, असे समीकरण तयार झाले. वस्तुतः त्याच १९७४ च्या कायद्याने ‘समन्वय’ विधेयकांच्या चर्चेस २० तासांची मर्यादा घालून त्यांना ६० मतांच्या अटीतून मोकळे केले आहे. पण वार्षिक विनियोजन विधेयके त्या सवलतीत बसत नाहीत.

२०१३ चे उदाहरण उद्बोधक आहे. टेड क्रूझ यांनी सप्टेंबरमध्ये २१ तासांहून अधिक भाषण केले. तरीही तात्पुरत्या खर्चाचे विधेयक विचारार्थ घेण्यासाठी चर्चाबंदी १०० विरुद्ध ० मतांनी संमत झाली. खरा सामना २७ सप्टेंबरचा. आरोग्यविमा कायद्याचा निधी तोडणारे कलम गाळण्याची उपसूचना चर्चाबंदीनंतर साध्या बहुमताने मंजूर होणार, हे क्रूझ जाणून होते. म्हणून जे विधेयक त्यांना हवे होते त्याचीच चर्चा बंद करण्यास त्यांनी विरोध केला. चर्चाबंदी ७९ विरुद्ध १९ मतांनी झाली आणि उपसूचना ५४ विरुद्ध ४४ मतांनी. दोन्ही सभागृहांचा मेळ न बसल्यामुळे १ ऑक्टोबरपासून १६ दिवस सरकारी कामकाज बंद राहिले.

१४ मार्च २०२५ रोजी याची दुसरी बाजू दिसली. चर्चाबंदीस ६२ मते पडली, पण विधेयक संमत झाले ५४ विरुद्ध ४६ मतांनी. काही सभासदांना विधेयक नको होते, पण कचेऱ्या बंद होणे त्याहूनही नको होते. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस कामकाज बंद राहिले. बहुमत विधेयकाच्या बाजूस असूनही मतदानामागून मतदान फसत गेले आणि ९ नोव्हेंबर रोजी चर्चाबंदी नेमक्या ६० विरुद्ध ४० मतांनी साधली. या काळात सेनेटमध्ये बोलण्याची संधी कोणास अपुरी पडली होती, असे म्हणता येणार नाही. मत चर्चेवर मागितले जात होते. निर्णय होत होता तो विधेयकाचा.

तुलनेसाठी वेस्टमिन्स्टरची परंपरा पाहावी. आयरिश सभासदांच्या अडवणुकीमुळे १८८१ च्या जानेवारीअखेर कॉमन्स सभेची बैठक सलग ४१ तास चालली. १८८२ मध्ये तेथे चर्चाबंदीचा नियम आला. १८९६ साली बाल्फोर यांनी खर्चाच्या मागण्यांसाठी ठराविक दिवस नेमून, अखेरच्या दिवशी उरलेल्या मागण्या चर्चेविना मतास टाकण्याची व्यवस्था केली. आपल्या लोकसभेतील ‘गिलोटीन’ याच कुळातले. तेथे पैसा अडत नाही. मात्र त्याविषयी बोलणे राहून जाते. २०१८ आणि २०२३ साली लोकसभेने अनुदानाच्या मागण्या चर्चेवाचूनच संमत केल्या, हे विसरता येत नाही. एका पद्धतीत अल्पमत कारभार थांबवू शकते, दुसरीत बहुमत तपासणी टाळू शकते.

मग अमेरिकेतील बहुमत हा नियम मोडीत का काढीत नाही? तसे करणे त्यास अशक्य नाही. २०१३ मध्ये नियुक्त्यांपुरती आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नियुक्त्यांपुरती ६० मतांची अट साध्या बहुमतानेच हटविली गेली. २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी विधेयकांपुरतीही ती हटविण्याचा आग्रह धरला, पण त्यांच्याच पक्षाच्या सेनेटरांनी तो मानला नाही. आजचे बहुमत उद्या अल्पमत होईल, ही जाणीव त्यामागे असावी. १८०६ साली निष्काळजीपणे गळलेल्या एका प्रस्तावाची जागा आज या परस्पर धास्तीने भरून काढली आहे. ती धास्ती टिकेल तोवर नियमही टिकेल, आणि तोवर दर १ ऑक्टोबरला अमेरिकन कारभाराची किल्ली साठाव्या मतदाराच्या हाती राहील.