गोदाकाठची गर्दी

मंडळी, गुरू सिंह राशीत आला की वर नाशिकला सिंहस्थ अन् इकडे आपल्या बासरला, पार खाली राजमहेंद्रीपर्यंत पुष्कर. गोदावरी एकच, गर्दीही तीच.

27 ऑगस्ट 2003 ला नाशिकच्या शाहीस्नानात चांदीची नाणी उधळली गेली. ती वेचायला लोक वाकले आणि उताराच्या अरुंद रस्त्यावर 39 जण चेंगरून गेले. नाण्यांना दोष देऊन मोकळं होता आलं असतं. पण चौकशी आयोग बसला आणि 2015 ला आखाड्यांच्या मिरवणुकीचा मार्गच बदलला. परंपरेची वाट सोडायला साधू-महंत राजी झाले, हे मला फार मोठं वाटतं. त्या साली पहिल्या पर्वणीला बंदोबस्त इतका कडक, की भाविक मैलोन्‌मैल चालून थकले. ओरड झाली, मग पुढे तो सैल केला.

त्याच 2015 च्या 14 जुलैला, पुष्कराच्या पहिल्याच दिवशी, राजमहेंद्रीच्या एका घाटावर सगळे लोटले. किमान 27 माणसं गेली. आमच्या बँकेत एका शाखेत अफरातफर झाली की सगळ्या शाखांना सर्क्युलर यायचं. नाशिकचा धडा मात्र नदीबरोबर खाली आला नाही.

2027 ला पुन्हा पुष्कर आहे. बासरला अक्षराभ्यासाची लहान पोरंही कडेवर असतात. घाटावर उतरायची आणि वर यायची वाट वेगळी ठेवणार का, एवढं देवस्थानाला आत्ताच विचारू या.